मालदीव: संध्याकाळी 6 वाजता मालेला उतरून त्याच दिवशी सीप्लेनने रिसॉर्टला पोहोचता येईल का?

नाही, ती रात्र मालेजवळच काढावी लागेल. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. वैमानिक नजरेच्या भरवशावर पाण्यावर उतरतो, तिथे धावपट्टीचे दिवे नसतात. तुमचं विमान दुपारी साडेतीनच्या आत उतरणारं असेल तरच त्याच दिवसाचा भरवसा धरा. इमिग्रेशन, बॅगा आणि टर्मिनल बदलण्यात तास-दीड तास सहज जातो. मुक्कामाला हुलहुमाले बरं: विमानतळापासून टॅक्सीने साधारण 15 मिनिटं, बोट लागत नाही. सकाळी परत विमानतळावर या.

सीप्लेनचं तिकीट रिसॉर्टच काढतं, म्हणून त्यांना फ्लाइट नंबर आधीच कळवा. नेमकी वेळ बहुधा आदल्या संध्याकाळीच कळते. सामान साधारणपणे 20 किलो आणि हातातलं 5 किलो; वरच्या प्रत्येक किलोला डॉलर मोजावे लागतात. परतीचं विमान सकाळी 9 च्या आधीचं घेऊच नका, नाहीतर शेवटची रात्रही मालेतच जाईल.

मात्र रिसॉर्ट उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमध्ये (मालेच्या आसपासच्या प्रवाळ बेटांच्या समूहात) असेल तर स्पीडबोट रात्रीही मिळू शकते; बुकिंगआधी तेवढं विचारून घ्या.