क्यारनंतर: भिजलेलं भात, खारं खाचर आणि दुकानदाराचा सल्ला

ऑक्टोबर 2019 च्या क्यार चक्रीवादळानंतर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून दोनच प्रश्न फिरून फिरून येत होते. ‘कापून टाकलेल्या भाताला मोड आले, काय फवारू?’ आणि ‘खाडीचं पाणी खाचरात शिरलं, एकरी जिप्सम किती टाकू?’

मोड आलेल्यावर काही फवारू नका. कोंब माघारी नेणारं औषध नाही. दुकानदार ‘टॉनिक’ देईल; घेऊ नका. पेंढ्या पाण्यातून काढून लोंब्या वर करून बांधावर उभ्या करा, उघडीप मिळताच झोडा. ओल्या पेंढ्यांची उडवी (ढीग) रचू नका, आत तापते आणि तांदूळ पिवळा पडतो. दाणे दोन-तीन इंच थरात सावलीत पसरा, दिवसातून चार-पाच वेळा हलवा. ओलावा 14 टक्क्यांखाली येईपर्यंत कणगीत भरू नका. आडवं पडलेलं पण कोंब न फुटलेलं भात असेल, तर साधं मीठ, लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम, फक्त लोंब्यांवर फवारा. जास्त नको. ते भात बियाण्याला ठेवू नका.

आता खारं पाणी. जिप्सम टाकू नका. ते चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीचं औषध, तेही माती तपासून. तुमच्याकडे विरघळलेलं मीठ साचलंय, त्याला धुवायला गोडं पाणी आणि बाहेर जायला वाट हवी. खाचर सुकू देऊ नका. सुकलं की मीठ वर चढून पांढरा थर धरतं. ओहोटीला उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) उघडून खारं पाणी काढा, भरतीआधी बंद करा. मग पावसाचं किंवा ओढ्याचं पाणी चार बोटं भरा, दिवसभर ठेवा, पुढच्या ओहोटीला सोडा. असं किमान तीनदा. सोडलेलं पाणी जिभेला खारट लागतंय तोवर थांबायचं नाही. बांधाला खांड (भगदाड) गेली असेल तर आधी ती बुजवा: त्रिपुरी पौर्णिमेला उधाण परत येणार. उघडी खांड ठेवून धुणं म्हणजे फुकटची मेहनत.

युरिया? नको. पीक पिवळं पडलंय ते मिठाने, नत्राअभावी नव्हे. वर युरिया म्हणजे क्षारात भर. या खाचरात यंदा वाल, पावटा पेरू नका, दोन्ही मिठाला नाजूक. पुढच्या खरिपाला पनवेल 1, 2 किंवा 3 हे खारं सोसणारे भाताचे वाण लावा. मे महिन्यात माती तपासा, 0-15 आणि 15-30 सेंटिमीटरचे नमुने वेगळे.

विमा काढलाय त्यांनी: 2019 च्या पीकविमा नियमांत कापून पसरलेल्या भाताचं नुकसान कापणीपासून 14 दिवसांपर्यंत धरलं जात होतं, कळवायची मुदत 72 तास होती. फोटो आधी, आवराआवर मग.

आंब्याला पालवी फुटली म्हणून आता कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) ‘वाढवून’ द्या, असं सांगत असतील तर ऐकू नका. त्याची वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, मात्रा झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला 3 मिली. आता ओतलं तर या मोहोराला उपयोग नाही, झाड मात्र खुरटेल. पालवीवर तुडतुडे दिसले तरच फवारणी.