आरबीआय ग्रेड बी (रिझर्व्ह बँकेतील अधिकारी पदाची) परीक्षेची तयारी नोकरी सांभाळून कशी करावी?

जमते, पण आधी एक गैरसमज काढून टाका. पहिला टप्पा २०० गुणांचा असला तरी तो फक्त चाळणी आहे. अंतिम यादी दुसरा टप्पा आणि मुलाखतीच्या गुणांवरच लागते. बहुतेक जण गणित आणि रीझनिंग घोटत बसतात आणि दुसऱ्या टप्प्याला हात लावतात तो पहिला टप्पा झाल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण मधे फार दिवस मिळत नाहीत.

म्हणून दुसऱ्या टप्प्यातले आर्थिक व सामाजिक प्रश्न आणि वित्त व व्यवस्थापन हे विषय पहिल्या दिवसापासून वाचा. पहिल्या टप्प्यात सामान्य ज्ञानालाच ८० गुण आहेत, त्यामुळे ते वाचन तिथेही वसूल होते. पतधोरणाचं निवेदन, आर्थिक पाहणी अहवाल, अर्थसंकल्प हे मुळातूनच वाचा. क्लासच्या नोट्स पुरवणीपुरत्या.

आणि टायपिंग! वर्णनात्मक उत्तरं संगणकावर टाइप करावी लागतात, याकडे आपली मुलं हमखास दुर्लक्ष करतात. मराठीचा पर्याय नाही, इंग्रजी किंवा हिंदीच. इंग्रजीचा पेपर अर्थातच इंग्रजीतून. रोज रात्री एक उत्तर घड्याळ लावून टाइप करा, वाचन थोडं कमी झालं तरी चालेल.