मोटारीने सिसिली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचा मुलगा म्युनिकला नोकरी करतो. ऑगस्टमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून सिसिलीला जाऊन भाड्याच्या मोटारीने आठ दिवसांत संपूर्ण बेटाची प्रदक्षिणा घालावी, असा त्याचा बेत आहे. माझे वय ६८ असून पत्नीला गुडघेदुखी आहे. हा बेत आम्हाला झेपेल का? मार्ग कसा आखावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आठ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण होईल, पण सिसिली पाहून होणार नाही, म्हणून हा बेत बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे असलेले हे इटलीचे बेट सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचे असून त्याचा बराचसा भाग डोंगराळ आहे. दक्षिण किनाऱ्याला सलग द्रुतगती मार्ग नाही, त्यामुळे रागुसा ते आग्रिजेंतो हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर कापायला अडीच तास सहज लागतात. रोज मुक्काम हलवला, तर सकाळची थंड वेळ सामान बांधण्यात आणि प्रवासात जाते आणि स्थळी पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते. ऑगस्टमध्ये तर याच गोष्टीला सर्वाधिक जपायला हवे. सिराकुसाजवळच्या फ्लोरिडिया या गावी ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते युरोप खंडाचा उच्चांक म्हणून मान्य केले. दर वर्षी पारा इतका चढत नाही हे खरे. तरी सिराकुसा, आग्रिजेंतो येथील प्राचीन ग्रीक अवशेषांच्या परिसरात सावली फार थोडी असते, हे तुमच्या वयाच्या प्रवाशांनी गृहीतच धरावे.

पालेर्मो, मोनरेआले आणि त्रापानी हा पश्चिमेचा पट्टा या वेळी सोडून द्यावा. मोनरेआलेच्या कॅथीड्रलमधील बाराव्या शतकातील सोनेरी मोझेइक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रे, पाहायला मी कोणालाही पाठवीन, परंतु त्यासाठी निवांत वेळ हवा. तुम्ही विमानाने कतानियाला उतरावे, तासाभराच्या अंतरावरील सिराकुसाला चार रात्री राहावे, मग आग्रिजेंतोला दोन आणि शेवटी एटना या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावरील एखाद्या गावी एक-दोन रात्री मुक्काम करावा. दिवसाचा क्रमही उन्हाप्रमाणे लावावा : सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर स्थळदर्शन, दुपारी विश्रांती किंवा वातानुकूलित गाडीतला प्रवास. तिथली बरीच दुकाने आणि चर्चही दुपारी काही तास बंदच असतात.

सिराकुसाचा जुना भाग म्हणजे ओर्तिजिया हे छोटेसे बेट. तिथे फारसा चढउतार नसल्याने पत्नीला हिंडणे सोपे जाईल. तिथल्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागासमोर उभे राहून डाव्या हाताच्या गल्लीत वळा आणि भिंतीकडे नीट पाहा. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अथेना या ग्रीक देवीच्या मंदिराचे जाडजूड, पन्हाळीदार खांब त्या भिंतीत अर्धे चिणलेले दिसतील. मंदिराचे चर्च करताना खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवल्या गेल्या. आग्रिजेंतोच्या कोंकोर्दिया मंदिराचेही सहाव्या शतकात चर्च झाले, आणि तिथे याच्या जोडीला गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरण्यात आल्या. त्या आजही दिसतात. पूजास्थान म्हणून वापर चालू राहिला, म्हणूनच ते मंदिर इतके शाबूत राहिले. तिथला दगड पिवळसर व खडबडीत असून त्यात जुन्या शिंपल्यांचे तुकडे उघड्या डोळ्यांना दिसतात. आग्रिजेंतोला हेरा, म्हणजेच जुनो देवीच्या मंदिराकडील वरच्या दाराने आत जावे; तिथून वाट उतरत जाते आणि गुडघ्यांना चढणीचा त्रास होत नाही. खालच्या दारातून गाडीपर्यंत टॅक्सीने परतावे. उन्हाळ्यात हा परिसर संध्याकाळी उशिरापर्यंत खुला ठेवतात. त्या हंगामाच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात.

सिराकुसाहून एक संध्याकाळ नोतोसाठी ठेवावी. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात जुने नोतो उद्ध्वस्त झाले आणि काही किलोमीटर अंतरावर संपूर्ण शहर नव्याने वसवले गेले. मावळतीच्या उन्हात तिथले मधाच्या रंगाचे दगड पाहण्यासारखे असतात. रागुसाच्या जुन्या भागात मात्र पायऱ्यांना अंत नाही, तेव्हा वरच्या रस्त्यावरूनच दरीपलीकडचे गाव पाहून पुढे निघावे. आग्रिजेंतोहून एटनाकडे जाताना पियात्सा आर्मेरीनाजवळील रोमन वाड्याच्या फरशीवरील चौथ्या शतकातील मोझेइक चुकवू नयेत. एटनावर गाडी सुमारे १,९०० मीटर उंचीवरील रिफुजिओ सापियेंत्सापर्यंत जाते आणि तिथे खालच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते. ज्वालामुखीच्या राखेमुळे कतानियाचा विमानतळ कधीकधी बंद ठेवावा लागतो, म्हणून परतीच्या आणि भारताच्या विमानांमध्ये एक-दोन दिवसांचे अंतर ठेवावे.

१५ ऑगस्टला संपूर्ण इटलीत मोठी सुट्टी असते. त्या आठवड्यातील खोल्या आत्ताच ठरवाव्यात आणि त्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी घालू नये.

प्रश्न : सिसिलीत भाड्याची गाडी चालवण्यासाठी महाराष्ट्रातील वाहन परवाना चालतो का? गाडी घेताना काय पाहावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, म्हणून तो फार आधी काढू नये. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे, कारण अनामत रक्कम त्यावरच अडकवून ठेवतात. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात आणि गिअरचा दांडा उजव्या हाताला येतो. गोंधळ टाळण्यासाठी ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवावी, आयत्या वेळी ती मिळेलच असे नाही. गल्ल्या अरुंद असल्यामुळे गाडी लहानच घ्यावी. ताब्यात घेताना चारही बाजूंचे आणि चाकांचे फोटो काढून ठेवावेत.

सर्वाधिक दंड होतो तो शहरांच्या जुन्या भागांत नकळत शिरल्यामुळे. लाल कडेच्या पांढऱ्या गोल पाटीवर ‘झेडटीएल’ ही अक्षरे दिसली, की पुढे ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि कॅमेरा क्रमांक टिपतो, असे समजावे. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि गाडी देणारी कंपनी माहिती पुरवल्याचे शुल्क वेगळे कापते. ओर्तिजियातही ही व्यवस्था आहे. हॉटेल अशा भागात असेल, तर गाडीचा क्रमांक नोंदवता येईल का, हे त्यांना आधी विचारावे. नाहीतर गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावावी. रस्त्यालगत निळे पट्टे असतील तिथे पैसे भरून, तर पांढरे असतील तिथे विनाशुल्क गाडी लावता येते. पिवळ्या पट्ट्यांच्या जागा राखीव असतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. सिसिलीत आमची आबाळ होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आबाळ होणार नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नये. वांगी, टोमॅटो आणि खारवलेले रिकोत्ता चीज घातलेला ‘पास्ता आल्ला नोर्मा’ कतानियात सगळीकडे मिळतो. त्यातला पास्ता अंड्याशिवाय केलेला आहे ना, एवढे विचारावे. वांग्याचीच आंबटगोड ‘कापोनाता’ही मिळते. पालेर्मोकडे गेलात, तर ‘पानेल्ले’ जरूर खा : हरभऱ्याचे पीठ शिजवून, पाटवड्यांसारखे थापून, काप करून तळतात. बदामाचा बर्फाळ ‘ग्रानिता’ चालेल, मात्र त्याच्यासोबतच्या ब्रिओश पावात अंडे असते. ‘अल बुर्रो’ म्हणजे लोण्याचा म्हणून विकल्या जाणाऱ्या भाताच्या गोळ्यात बहुधा डुकराचे मांस असते. पार्मेजान चीजसाठी वासराच्या जठरातले रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरतात, तेव्हा पास्त्यावर ते किसू नका, असे आधीच सांगावे. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात. तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, आणि मिठाईच्या दुकानात हा एक शब्द उच्चारून विचारले, की विक्रेते सहसा नेमके उत्तर देतात.