पाकिटावर तिचे नाव असू दे

कळवा, ठाणे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पलटण पुढच्या आठवड्यात सीमेवर निघते आहे, आणि लग्नाला अजून चार महिनेही झालेले नाहीत. सूनबाईंना धीर कसा द्यावा, असे तू परवा जिन्यात विचारलेस. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

१९७१ च्या डिसेंबरात मी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होतो. आमचे लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झाले होते. ही नौपाड्यातल्या चाळीत माझ्या आईवडिलांजवळ आणि मी पूर्व आघाडीवर. त्या काळच्या रीतीप्रमाणे माझे प्रत्येक पत्र 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' असे सुरू होई आणि 'घरातील सर्वांस यथायोग्य' असे संपे. बायकोला वेगळे पत्र पाठवणे आमच्या घरात आगाऊपणाचे मानले जाई, आणि मलाही ते धाडस झाले नाही. बाबा पत्र मोठ्याने वाचत, आई डोळे पुसत ऐके, आणि ही स्वयंपाकघराच्या दाराआड कणकेचे हात तसेच धरून, त्या 'सर्वांस' या एका शब्दात आपल्या वाट्याचे काही आहे का, हे शोधत उभी राही. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. ते ऐकल्यावर मला जे वाटले, ते अजून तसेच वाटते.

धाडस तिने केले. नोव्हेंबरच्या अखेरीस ९९ ए.पी.ओ.च्या, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर बाबांचे आंतरदेशीय पत्र आले. त्याच्या चिकटवायच्या कडेवर बारीक अक्षरात एक ओळ होती : 'गॅलरीतली तुळस तगली आहे.' खाली नाव नव्हते. ती तुळस आम्ही दोघांनी लावली होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला शत्रूची माघारीची वाट अडवून बसलो, तेव्हा ते पत्र माझ्या आतल्या खिशात होते. १० डिसेंबरच्या रात्री गोळीबार पहाटेपर्यंत चालला. मधूनमधून मी खिशावर हात ठेवून ते आहे ना, एवढेच पाहत होतो.

इकडे ठाण्यात ब्लॅकआउट होता, खिडक्यांना काळे कागद लावले होते. माझे 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' असे पत्र घरी पोचले तेव्हा लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. सगळ्यांना आनंद झाला. हिने मात्र तारीख पाहिली : १ डिसेंबर. लढाई ३ तारखेला पेटली होती. ती खुशाली लढाईच्या आधीची आहे, हे घरात एकटीलाच उमगले आणि ते तिने कोणालाही सांगितले नाही. १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीची बातमी रेडिओवर आली, चाळीत पेढे वाटले गेले, आणि पुढचे पत्र हातात पडेपर्यंत ती ते ओझे एकटीने वाहत राहिली.

म्हणून सांगतो. आईवडिलांना लिही, पण तिला वेगळे लिही आणि पाकिटावर तिचेच नाव घाल. प्रत्येक पत्रावर तारखेबरोबर क्रमांकही टाक, कारण चार दिवस टपाल अडकले की तीन पत्रे एकदम येतात आणि पुढचे आधी वाचले जाते. ठिकाण आणि हालचाल लिहायची नाही, हे तुला सांगायला नको, ५६ ए.पी.ओ. या पत्त्याआड तुझा मुक्काम दडवलेला असतो तो त्यासाठीच. पण थंडीने बोटे वळत नाहीत, लंगरमध्ये आज खीर होती, रात्रीच्या ड्यूटीवर तिचे अमुक बोलणे आठवले, एवढे लिहिण्यास कोणाचीच हरकत नसते. भीती वाटली तर तेही लिही. तिलाही वाटतच असते, आणि तू नुसते 'मजेत आहे' असे लिहिलेस, तर ती आपली भीती तुझ्यापासून लपवायला शिकेल.

फोन असताना पत्र कशाला, असे म्हणशील. रेंज मिळाली तरी फोनवर चार मिनिटांत खुशाली संपते, आणि पुढच्या चौकीवर मोबाइल जवळ ठेवू देतीलच असे नाही. पत्र मात्र तिच्या उशाशी राहते.

आणखी एक गोष्ट. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या दप्तरी लग्नाची नोंद करणारा आदेश, निघाली का, हे क्लार्ककडे जाऊन स्वतः पाहा. ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंड यांचे नॉमिनेशन भरतीच्या वेळी आईच्या नावाने केले असशील. आता काय करायचे, ते आईशी मोकळेपणी बोलून ठरव. पगाराच्या खात्यावर पत्नीचेही नाव लाव. माझ्या सेक्शनमधल्या एकाने हे सारे 'सुट्टीत करू' म्हणून ठेवले होते. तो परतला नाही, आणि आपण त्याची बायको आहोत हे दाखवण्यासाठी त्या मुलीला दीड वर्ष कागद घेऊन फिरावे लागले. प्रेमात हेही येते, बाळा.

निघण्याआधी दोघेही घरी येऊन जा. ते आंतरदेशीय पत्र हिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहे. ते दाखवायचे की नाही, हे तीच ठरवील.

तुझा,
काका