घरी बनवलेल्या आरसीए केबलने (ऑडिओ उपकरणं एकमेकांना जोडणारी, टोकाला गोल प्लग असलेली केबल) आवाजात खरंच फरक पडतो का? चांदीची तार घ्यावी का, आणि शील्ड (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी) एकाच टोकाला जोडायची का?

फरक पडतो, पण सगळीकडे नाही, केबलच्या दोन्ही टोकांना काय लावलंय त्यावर सगळं आहे. डॅक (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) किंवा सीडी प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नल बाहेर जाताना होणारा अंतर्गत विरोध, बहुतेक वेळा काहीशे ओहमच्या आतच असतो, तिथे मीटरला 100 पिकोफॅरड कपॅसिटन्सवाली (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधी शील्डेड वायर घेतली तरी वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जायला लागतात त्या मेगाहर्ट्झमध्ये, आणि आपला कान 20 किलोहर्ट्झलाच संपतो.

टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचं, मात्र वेगळं आहे आणि मला विचाराल तर घरी केबल बनवायची खरी मजा तिथेच आहे. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजची, म्हणजे सुई ज्याला लावलेली असते त्या भागाची, कॉइल समजा 500 मिलिहेन्रीची आहे, तर केबल आणि फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) मिळून 200 पिकोफॅरड झाले की रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला कॉइल आणि कपॅसिटन्स मिळून सिग्नल उचलतात ती, 16 किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि 400 झाले की तोच 11 वर उतरतो, आणि झांजा, व्हायोलिन यांचा आवाज सरळ बदलतो. म्हणून वायर घेताना डेटाशीटमधले पिकोफॅरड बघा आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा.

चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 5-6 टक्के चांगली वाहक आहे, समोर 10 किलोओहमचा इनपुट असताना त्याने काहीही होत नाही, ते पैसे चांगल्या प्लगवर घाला.

शील्ड दोन्ही टोकांना जोडा. एकाच टोकाला जोडायची पद्धत खूप सांगितली जाते, पण मग ग्राउंडचा (सिग्नलच्या परतीचा) रस्ता जाळीऐवजी आतल्या एका बारीक तारेतून जातो, त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि दोन उपकरणांमध्ये ग्राउंडचा जो करंट फिरतो तो त्याच रेझिस्टन्सवर व्होल्टेज तयार करून सरळ सिग्नलमध्ये मिसळतो, तोच तुमचा हम, म्हणजे स्पीकरमधून येणारी गुणगुण. दाट तांब्याची जाळी असलेली वायर इथे कुठल्याही महागड्या तारेपेक्षा जास्त काम करते.

सोल्डर करताना प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा म्हणजे आतलं प्लास्टिक वितळलं तरी मधली पिन हलत नाही, आणि जाळी गरम करताना पटकन उरका नाहीतर आतलं इन्सुलेशन वितळून शॉर्ट होतो. मग मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोडणी अखंड आहे का) बघा, केबल वाकवून परत बघा. जुन्या केबलशी तुलना करताना व्हॉल्यूम अजिबात हलवू नका आणि कुठली लावलीय ते दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा, तुम्हाला कळू न देता.