सोफेर म्हणजे मोजणारा

प्रश्न असा आहे: तोराहची, म्हणजे ज्यूंच्या मूळ पाच धर्मग्रंथांची, गुंडाळी हाताने लिहिणाऱ्या ज्यू कारागिराला मराठीत काय म्हणावं? प्रश्नकर्त्याने एके ठिकाणी 'शोफर' वाचलंय, दुसरीकडे 'धर्मगुरू'.

शोफर मुळीच नाही. शोफर हा मोटार चालवणारा, शब्द फ्रेंच. शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य. आणि हा कारागीर सोफेर, 'स'चा. हिब्रूत शोफार 'शिन' या अक्षराने सुरू होतो आणि सोफेर 'सामेख'ने. मराठीला स आणि श दोन्ही धडधडीत उपलब्ध असताना ही गल्लत वारंवार छापून यावी, याला बेफिकिरीशिवाय कारण नाही. धर्मगुरूही चूक. सोफेर रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, असलाच पाहिजे असं नाही. तो लेखनाचे नियम शिकलेला, धर्म पाळणारा कारागीर असतो. त्याचं पुरं नाव 'सोफेर स्ताम'. तोराहच्या गुंडाळ्या, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला नि कपाळाला बांधायच्या, आत वचनं ठेवलेल्या चामडी डब्या) आणि मेझुझा (दारचौकटीवर लावायची, वचनं लिहिलेली छोटी गुंडाळी) यांच्या हिब्रू आद्याक्षरांचा मिळून 'स्ताम' होतो. आपल्याकडच्या मराठी ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, घरांच्या दारचौकटीवर जी मेझुझा असते, तिच्या आतला चामड्यावरचा मजकूरही सोफेरनेच लिहावा लागतो.

आता खरी गंमत. सोफेरचा धातू स-फ-र (फ हा प चाच पर्याय), आणि हिब्रूत त्याचा अर्थ मोजणे. 'मिस्पार' म्हणजे संख्या, 'सिप्पूर' म्हणजे गोष्ट, 'सेफेर' म्हणजे ग्रंथ. ताल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या किद्दुशीन प्रकरणात (पान ३०) स्पष्ट सांगितलंय की पूर्वीच्या लोकांना सोफ्रीम म्हणत ते तोराहची अक्षरं मोजत म्हणून. तोराहतल्या लेवीय या ग्रंथाच्या ११व्या अध्यायात ४२व्या वचनात 'गाहोन' (पोट) शब्दातलं 'वाव' हे अक्षर म्हणजे तोराहच्या सगळ्या अक्षरांचा मध्य, असं ते म्हणत. तो वाव आजही गुंडाळीत मोठा काढतात. आजच्या पाठात अक्षरं आहेत ३,०४,८०५, आणि त्या हिशेबाने तो वाव खऱ्या मध्यापासून चार हजारांहून जास्त अक्षरं पुढे पडतो. त्यावरून मोजणीची ही व्युत्पत्ती निकालात काढणाऱ्यांनी तेच पान पुढे वाचावं. तो वाव अलीकडच्या अर्ध्यात धरायचा की पलीकडच्या, असा प्रश्न तिथेच येतो. मग गुंडाळी आणून मोजूया की, असं सुचवलं जातं. आणि उत्तर मिळतं की त्यांना 'भरलेलं' आणि 'तुटलेलं' लेखन नेमकं ठाऊक होतं, आपल्याला नाही. म्हणजे एकच शब्द वावसह किंवा वावाविना लिहिता येतो, उच्चार तोच राहतो. पण गुंडाळीत एक वाव जास्त झाला तरी ती वाचनाला चालत नाही. मोजणी लागते ती यासाठी.

कोशकार मात्र अक्कादीकडे, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेकडे, धावतात: 'शापारु' म्हणजे निरोप धाडणे, 'शिप्रु' म्हणजे निरोप, म्हणून सोफेर हा मुळात दरबारी कारकून. शब्द त्या वाटेने आला असेल, पण ज्या धंद्याने तो दोन हजार वर्षं वागवला, त्याने त्यात मोजणीच भरली. आजची तपासणी बघा: पान स्कॅन करून संगणक अक्षरं ताडून बघतो, गळलेलं किंवा दुबार झालेलं पकडतो. अक्षराला अक्षर चिकटलंय का, शाईला तडा गेलाय का, हे तज्ज्ञाची नजर बघते.

आणि सेफेरचं नातं सिफरशी, म्हणजे शून्याशी जोडणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. अरबी सिफर 'साद' या अक्षराने लिहितात, अर्थ रिकामं. तो आपल्या 'शून्य'चा अनुवाद आहे. ग्रंथ या अर्थाचा अरबी 'सिफ्र' वेगळा, 'सीन'चा. देवनागरीत दोघांना एकच स मिळतो, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

मराठी 'लिहिणे' संस्कृत लिख् वरून, मूळ अर्थ ओरखडणे. सोफेर आधी नेमकं तेच करतो. शुद्ध मानलेल्या जनावराच्या, बहुधा वासराच्या, कातड्यावर बोथट अणीने शाईविना रेघा ओढतो. अक्षरं त्या रेघेखाली लोंबतात, आपली शिरोरेघेखाली लोंबतात तशी. शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. मायफळ म्हणजे बाळगुटीतलंच, जायफळ नव्हे. डिंक वाढला की वाळलेली शाई गुंडाळताना तडकते. हिराकस वाढलं की काळा रंग पुढे तांबूस पडतो. एका स्तंभात बहुधा ४२ ओळी, सगळे मिळून २४५ स्तंभ, आणि कातड्याचे तुकडे जनावराच्या स्नायुतंतूंनी शिवलेले. एका गुंडाळीला साधारण वर्ष लागतं.

पाठ असलं तरी आठवणीतून लिहायचं नाही. समोरच्या प्रतीत बघून, शब्द तोंडाने म्हणून मगच कलम टेकवायची. सर्वांत नाजूक जोडी दालेत आणि रेश या अक्षरांची. दालेतला मागे कोपरा असतो, रेशची पाठ गोल. 'एहाद' (एक) या शब्दातला दालेत गोल झाला की 'अहेर' (दुसरा) वाचलं जातं, आणि देव एक आहे हे वाक्यच उलटतं. म्हणून त्या वचनात दालेत मोठा काढतात. आणि रेशच्या जागी चुकून दालेत झाला, तर कोपरा खरवडून त्याचा रेश करता येत नाही. अक्षर शाई घालून घडलं पाहिजे, शाई काढून नाही. बिघडलेला भाग पुरता काढून नव्याने लिहावा लागतो. शंका उरली, तर फार हुशार नाही नि फार मंदही नाही अशा मुलाला ते अक्षर दाखवतात. तो वाचेल ते खरं. देवाच्या नावात चूक झाली तर खरवडताही येत नाही. ते पान बाजूला काढून पुरतात आणि नवं लिहितात.

मूळ प्रश्नाला उत्तर: एकच मराठी शब्द हवा असेल तर 'लहिया', म्हणजे हाताने प्रती उतरवणारा. 'लेखक' नको, तो मजकूर रचतो. 'नकलनवीस' कचेरीतला. पण लहियात मोजणी येत नाही, म्हणून 'सोफेर'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात लहिया लिहा. अनेकवचन सोफ्रीम. सोफर्स नको.