कार्ल श्मिट नाझी होता, मग सार्वभौमत्वासाठी त्याला का वाचायचं?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या प्रबंधासाठी जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट घेतो म्हटल्यावर मार्गदर्शकांनी नाक मुरडलं. मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवते. माझं मत: जरूर घ्या, पण त्याला एकट्याला वाचू नका.

मे १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला. पुढच्याच वर्षी हिटलरने खटला न चालवता माणसं मारवली, तेव्हा ‘फ्यूरर कायद्याचं रक्षण करतो’ असा लेख लिहून त्याने त्या हत्यांना कायद्याचा टिळा लावला. हे तळटीपेत ढकलू नका, पहिल्याच प्रकरणात मांडा.

त्याचं गाजलेलं वाक्य १९२२ चं: अपवादाच्या स्थितीबाबत, म्हणजे नेहमीचा कायदा बाजूला ठेवावा अशा संकटाबाबत, जो निर्णय घेतो तो सार्वभौम. समोर होतं वायमार राज्यघटनेचं (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेचं) कलम ४८, ज्याने राष्ट्राध्यक्षाला मूलभूत हक्क स्थगित करता येत. जुलै १९३२ मध्ये त्याच कलमाखाली प्रशिया या जर्मनीतल्या घटक राज्याचं सरकार केंद्राने हटवलं. त्यावरच्या खटल्यात लाइपझिगच्या न्यायालयात श्मिट केंद्राच्या बाजूने उभा होता आणि दुसरा कायदेपंडित हेर्मान हेलर विरोधात. हेलर आणि श्मिटचा टीकाकार कायदेपंडित हान्स केल्सेन सोबत वाचलेत की श्मिटचे कच्चे दुवे आपोआप दिसतात.

मग आपल्या घटनेकडे या. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना वायमारचाच दाखला दिला होता. १९७५ मध्ये ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या शब्दांवर आणीबाणी आली. येरवडा तुरुंग भरला, ‘मिसा’ या खटल्याविना स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली धरलेल्यांना अटकेचं कारण सांगायचं बंधनही काढून टाकलं गेलं. आणीबाणीत अशा कैद्यांना सुटकेसाठी न्यायालयात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या जबलपूर खटल्यात म्हटलं; पाच न्यायाधीशांपैकी एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती मला श्मिटला दिलेलं सर्वांत चांगलं उत्तर वाटते: ‘अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि महिन्याभरात संसदेची मान्यता सक्तीची झाली, कलम २० आणि २१ (आरोपीचं संरक्षण, जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) स्थगितीच्या बाहेर गेली. श्मिट जो निर्णय एका हातात पाहतो, तो इथे मुद्दाम वाटून टाकलाय.

तरी सशस्त्र बंड आहे की नाही, हे आधी मंत्रिमंडळच ठरवणार. प्रबंधाचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. जयकर ग्रंथालयात संविधान सभेच्या चर्चेचे खंड काढून बसा. आणि शहरात तेव्हा मिसाखाली तुरुंगात गेलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या, वयं झालीत त्यांची.